परतीचा कागद : जाणं आणि सोडून जाणं

आजचा विषय आम्हाला ग्रंथालयात सुचलेला नाही. पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीच्या बाकावर सुचला. संध्याकाळी तिथे आम्ही आठ-दहा निवृत्त माणसं बसतो. हिंजवडी जवळ, त्यामुळे तिथे नोकरीला लागून पुढे अमेरिकेत गेलेलं एखादं तरी मूल बहुतेक घरांत आहे. आमच्यातल्या एका मित्राच्या पत्नी वारल्या, तेव्हा मुलगा अमेरिकेत. ग्रीन कार्डचा अर्ज केलेला, निर्णय बाकी, आणि प्रवासाचा परवाना अजून हातात नाही. फोनवर म्हणाला, "बाबा, आत्ता निघालो तर मी अर्ज सोडला असं धरतील." आईचे अंत्यसंस्कार त्याने फोनवर पाहिले. कागद आला तो तेराव्यानंतर. आणि तेराव्याला आलेल्या नातेवाइकांत कुजबुज झालीच, "आईपेक्षा कार्ड मोठं."

"सोडला असं धरतील." आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून या शब्दांपाशी अडलो. सोडणं ही मनाची गोष्ट आहे. माणूस कुठे उभा आहे एवढ्यावरून त्याने काय सोडलं ते कळत नाही. मग कायदा पावलांवरून मन कधीपासून वाचायला लागला? याला इतिहास आहे, आणि तो आपण समजतो त्यापेक्षा जुना आहे.

1883 साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि अमेरिकेत पोहोचल्या. त्यांना व्हिसा लागला नाही, तेव्हा तशी पद्धतच नव्हती. अडथळा होता तो इकडचा. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, परत आलात तर प्रायश्चित्त घ्या. म्हणजे पावलांवरून मन वाचायची खोड आपल्यालाही होतीच बरं का! समुद्रापार गेला म्हणजे आचार सोडला, असं आपणही धरत होतो.

पण आनंदीबाई निघाल्या त्याच्या आदल्याच वर्षी, 1882 मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना येण्याची बंदी केली होती. आधीपासून तिथे राहणाऱ्यांना एक सवलत होती. गावी जायचं असेल तर प्रमाणपत्र घ्या, ते दाखवून परत या. चे चान पिंग नावाचा मजूर 1875 पासून सॅन फ्रान्सिस्कोत राहत होता. जून 1887 मध्ये असं प्रमाणपत्र घेऊन तो चीनला गेला. परतताना 7 सप्टेंबर 1888 ला हाँगकाँगहून बोटीत बसला. बोट समुद्रात असताना, 1 ऑक्टोबरला, नवा कायदा झाला आणि सगळी प्रमाणपत्रं रद्द झाली. 8 ऑक्टोबरला बोट बंदरात लागली. कागद खरा, माणूस खरा, बारा वर्षांचा रहिवास खरा. तरी प्रवेश नाही. 1889 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परकीयांना प्रवेश द्यायचा की नाही, हा सरकारचा सार्वभौम अधिकार आहे आणि दिलेली परवानगी सरकार काढून घेऊ शकतं. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याचा पाया आजही या निकालावर उभा आहे.

पुढे आपली पाळी आली. 1917 च्या कायद्याने भारतीयांना दार बंद झालं. 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वाला पात्र नाही असं ठरलं, आणि ज्यांना ते आधी मिळालं होतं त्यांचंही काढून घेणं सुरू झालं. वैष्णो दास बगाई हे त्यांपैकी एक. त्यांना नातेवाइकांना भेटायला भारतात यायचं होतं. अमेरिकेने पासपोर्ट नाकारला, ब्रिटिश पासपोर्ट घ्या म्हटलं. ज्या सत्तेला नाकारून आपण निघालो तिचाच पासपोर्ट घ्यायचा, हे त्यांना मान्य नव्हतं. 1928 मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

आणि कुलूप फक्त परक्याच्या दाराला असतं असंही नाही. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे घ्या. गदर चळवळीतले क्रांतिकारक, पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्राचे प्राध्यापक. ब्रिटिशांच्या काळ्या यादीत नाव, म्हणून मायदेशाचं दार बंद. स्वातंत्र्यानंतर, 1949 मध्ये, त्यांनी यायचं ठरवलं तर व्हिसाला आधी नकारच मिळाला. इंग्रज गेले होते, त्यांची यादी फायलीत राहिली होती! पुढे तो नकार मागे घेतला गेला.

आता आजच्या नियमाकडे येऊ. 1965 मध्ये अमेरिकेचं दार पुन्हा उघडलं. 1990 च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार ठेवली, आणि कुठल्याही एका देशाला त्यांतला 7 टक्क्यांहून मोठा वाटा नाही असं ठरलं. भारतातून अर्जदार फार, म्हणून रांग वर्षानुवर्षांची. शेवटचा अर्ज दिल्यावर निर्णय होईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकलं, तर अर्ज सोडला असं मानतात. अपवाद दोन. एक, निघण्याआधी 'ॲडव्हान्स पॅरोल' हा परवाना घेणं. दुसरा 1999 पासूनचा. एच-वन-बी किंवा एल-वन दर्जा टिकवून असलेला माणूस त्याच दर्जावर परत येऊ शकतो. पण अर्जाबरोबर मिळणाऱ्या परवान्यावर नोकरी बदलून ज्याने जुना दर्जा जाऊ दिला, त्याला ॲडव्हान्स पॅरोलशिवाय गत्यंतर नाही. मित्राच्या मुलाचं तेच झालं होतं.

पॅरोल हा शब्द आपण कैद्यांच्या बातम्यांत वाचतो. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'वचन'. पॅरोलवर आत आलेला माणूस शरीराने देशात असतो, पण कायद्याच्या दृष्टीने त्याला प्रवेश मिळालेला नसतो. असून नसलेला! आमच्या नैयायिकांना हा दाखला फार आवडला असता.

अर्थात, कायदा कधी कधी शहाणपणाही दाखवतो. मुदतीपेक्षा जास्त राहिलेलं एक भारतीय जोडपं अर्ज प्रलंबित असताना ॲडव्हान्स पॅरोल घेऊन म्हाताऱ्या आईवडिलांसाठी भारतात आलं आणि परत गेलं. देशाबाहेर गेलात म्हणून दहा वर्षांची बंदी, असं त्यांना सांगितलं गेलं. 2012 मध्ये तिथल्या इमिग्रेशन अपील मंडळाने हे फिरवलं. परवानगी घेऊन, परत येण्यासाठी गेलेला माणूस त्या अर्थाने 'निघून गेलेला' नाही, असं मंडळ म्हणालं. जाणं आणि सोडून जाणं यांत फरक आहे, हे कायद्याने निदान तिथे तरी कबूल केलं.

पण बोट समुद्रात असताना नियम बदलण्याची भीती संपलेली नाही. 19 सप्टेंबर 2025 ला एच-वन-बीसाठी एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, अंमल 21 पासून. सुट्टीवर आलेल्या मुलांची परतीच्या तिकिटांसाठी धावपळ झाली. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की आधीच व्हिसा असलेल्यांना हे लागू नाही. ती एक रात्र आमच्या बाकावरच्या दोन घरांनी जागून काढली.

म्हणून वडीलधाऱ्यांना एवढंच सांगतो. मुलांना "ये" म्हणण्याआधी विचारा, परवाना हातात आहे का? नुसता अर्ज केलेला असून भागत नाही, निघण्यापूर्वी कागद हातात हवा. घरात गंभीर आजार किंवा मृत्यू असेल तर तातडीने मागण्याची सोय आहे, त्यासाठी डॉक्टरांचं पत्र किंवा मृत्यूचा दाखला लगेच पाठवा. आणि तिकीट काढण्याआधी वकिलाला विचारायला सांगा, कारण कागद असला तरी शेवटचा निर्णय विमानतळावरच होतो.

आणि त्या कुजबुजीबद्दल. कायदा म्हणतो, गेला म्हणजे अर्ज सोडला. तेराव्याला नातेवाईक म्हणाले, आला नाही म्हणजे आई सोडली. चूक एकच आहे, दोन्हीकडे पावलांवरून मन वाचलं. कायदा बदलणं आपल्या हातात नाही. आपलं बोलणं मात्र आहे. मित्राला आम्ही तेव्हाच हे सांगायला हवं होतं. ते राहिलं, म्हणून आज इथे सांगितलं.