एका रात्रीचें राजेपण

पन्हाळ्यास शिवा काशीद याची समाधि आहे. १६६० च्या जुलैंत सिद्दी जौहरचा वेढा भेदून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, तेव्हां दुसऱ्या पालखींत महाराजांच्या वेषांत नेबापूरचा हा न्हावी बसला होता, असें परंपरा सांगते.

वॉल्ट डिस्नेच्या संस्थेनें १९६३ सालीं आर्थर राजाच्या मध्ययुगीन दंतकथेवर व्यंगचित्रपट काढला. त्यांतला पोरका मुलगा धन्याकरितां तलवार शोधावयास जातो, शिळेंत रुतलेली एक उपसतो आणि नकळत राजा ठरतो. कथा गोड खरी. पण तीत मुलाला कांहींच गमवावें लागत नाहीं. शिवाला आपलें राजेपण किती घटकांचें, हें पालखींत बसतांनाच ठाऊक होतें. सोंग उघडकीस येतांच त्याचा वध झाला. तोंवर महाराज पुष्कळ पुढें गेले होते.