जिमचे उत्तरदायित्व : सदोष व्यायामसाधनांमुळे होणारी इजा

वर्गणी घेऊन व्यायामाची साधने वापरायला देणाऱ्या जिमवर, ती साधने बिघडलेली असल्यामुळे सभासदाला इजा झाल्यास येणारी कायदेशीर जबाबदारी. भारतात अशा प्रकरणांत मुख्य आधार घेतला जातो तो ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि अपकृत्य कायद्यातील निष्काळजीपणाचे तत्त्व यांचा. गंभीर प्रसंगी भारतीय न्याय संहितेची कलमे १२५ (इतरांचा जीव वा सुरक्षितता धोक्यात आणणे) व १०६ (निष्काळजीपणामुळे मृत्यू) लागू शकतात.

लॅट पुलडाऊनची (वरचा दांडा केबलने खाली ओढायच्या यंत्राची) केबल सहसा एकाएकी तुटत नाही. पुलीवरून ती जिथे वळते तिथे आधी वरचे प्लास्टिक तडकते, मग आतल्या पोलादी तारा एकेक करून सुटू लागतात. नेमाने पाहणी करणाऱ्याला हे दिसतेच. म्हणून दांडा डोक्यावर आदळल्यावर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हा बचाव लंगडा पडतो. वजनाच्या प्लेट्सच्या पिनेऐवजी खुपसलेला बोल्ट किंवा ट्रेडमिलची हरवलेली सेफ्टी की यांचेही तेच. आयएसओ २०९५७ या मानकात व्यावसायिक वापराचा ‘एस’ आणि घरगुती वापराचा ‘एच’ असे वेगळे वर्ग आहेत. स्वस्तात पडते म्हणून घरगुती ट्रेडमिल जिममध्ये दिवसभर पळवणे ही मालकाचीच चूक.

पैसे भरणारा सभासद ‘ग्राहक’ ठरतो आणि नादुरुस्त यंत्र चालू ठेवणे ही ‘सेवेतील त्रुटी’. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक आयोगाची पायरी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर भरलेल्या रकमेवरून ठरते. त्यामुळे इजा कितीही मोठी असली तरी जिमविरुद्धच्या भरपाईच्या तक्रारी सहसा जिल्हा आयोगाकडेच जातात आणि त्या तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही करता येतात. दोष निर्मितीतला असेल तर कलम ८४ खाली उत्पादकाला, जोडणी वा देखभालीतील हयगयीबद्दल कलम ८६ खाली विक्रेत्याला जबाबदार धरता येते. मात्र यंत्रात फेरफार झाला असल्यास विक्रेता कलम ८७ पुढे करतो. फ्रेम गल्लीतल्या वेल्डरकडून सांधून घेणाऱ्या जिमला हे महागात पडते.

प्रवेशअर्जावरील ‘जोखीम सर्वस्वी सभासदाची’ या ओळीवर मालकांचा जेवढा भरवसा असतो, तेवढे बळ तिच्यात नाही. लचक, स्नायू आखडणे ही व्यायामातली स्वाभाविक जोखीम सभासदाने पत्करलेली असते. झिजलेली केबल नव्हे. इंग्लंडमध्ये निष्काळजीपणातून झालेल्या शारीरिक इजेची जबाबदारी अशा अटीने झटकता येत नाही, हे १९७७ च्या कायद्यानेच स्पष्ट केले होते. आपल्याकडे अन्यायकारक कराराच्या अटी रद्द करण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांना आहे. सभासदाने ‘यंत्र बंद आहे’ ही पाटी डावलली असेल तर मात्र भरपाई घटू शकते. अर्थात प्लग तसाच ठेवून नुसती पाटी लावणे म्हणजे यंत्र बंद करणे नव्हे.

बागेतल्या फुकट ओपन जिममध्ये मोबदला नसल्याने ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा बंद असतो. दिवाणी दावा लावावा लागतो. तिथे ‘दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभागवंती’ (१९६६) हा निकाल उपयोगी पडतो. चांदणी चौकातील पालिकेच्या मालकीचा घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली होती. मनोरा सुमारे ८० वर्षांचा, तर त्याच्या चुन्याचे आयुष्य ४०-४५ वर्षांचे. दोष बाहेरून दिसत नव्हता म्हणून सुटका नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने पालिकेला जबाबदार धरले.