आईनं कोरून घेतलेली लेकाची तसबीर आणि आपला सातबारा

श्रीमंत घरातल्या आई-लेकाचं जुनं चित्र म्हटलं की राजा रविवर्म्याचं 1893 चं 'देअर कम्स पपा' आठवतं. त्याची मुलगी महाप्रभा बाळाला घेऊन उभी आहे, नवऱ्याची वाट बघत. चित्र सुंदरच. पण आपल्या महाराष्ट्रात आई-लेकाची एक तसबीर त्याहून सतराशे वर्षं जुनी आहे. ती रंगात नाही, दगडावर अक्षरांत आहे. आणि ती खुद्द आईनं करून घेतलीय.

नाशिकच्या पांडवलेण्यात 3 नंबरच्या लेण्याच्या ओसरीत ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. कोरून घेणारी गौतमी बलश्री, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. लेख तिच्या नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीच्या 19 व्या वर्षातला. भिक्षूंना लेणं दान देताना ती लेकाबद्दल भरभरून बोलते. त्याचा चेहरा उमललेल्या कमळासारखा होता, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, त्यानं शक, यवन, पहलवांना हरवलं, कर धर्मानं घेतला, रयतेच्या सुखदुःखात तो सामील झाला. आणि हो, आईची सेवा करण्यात कधी कसूर केली नाही!

आईचं कौतुक म्हणून सोडून द्यावं, तर पुरावा आहे. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपान या शक राजाची 13 हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या 9 हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप पुन्हा मारलेला आहे.

लेकाच्या मुलखांच्या यादीत तिनं मूलकही सांगितलाय, म्हणजे पैठणकडचा भाग. आपल्या शेजारचं भोकरदन तेव्हाचं भोगवर्धन, भरभराटीचं गाव. म्हणजे ही आपल्याच मुलखाची गोष्ट आहे.

आता नावं बघा. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. राजे आईच्या नावानं ओळखले जायचे. म्हणून बायकांचं राज्य होतं असं मात्र समजू नका, गादी लेकाकडंच जायची. पण आईचं नाव लावण्यात राजाला कमीपणा वाटत नव्हता.

आपल्या सरकारनं 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव सक्तीचं केलं. चांगलं झालं. पण कागदावरचं नाव वेगळं आणि जमिनीवरचं वेगळं. बातमीदारी करताना तलाठी कार्यालयात मी कितीतरी सातबारे बघितले. बाईचं नाव लागतं ते बहुतेक नवरा गेल्यावर. दुसऱ्याला कशाला बोलू? माझ्या आईचं नाव वडील वारल्यावरच लागलं, आणि त्याच वेळी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. तेव्हा मी गप्प बसलो. आज त्याची लाज वाटते.

शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी स्वतःहून बायकोच्या नावावर जमीन केली. त्याच नावाच्या सरकारी योजनेत नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं.

घरातला सातबारा आज एकदा काढून बघा. त्यावर घरातल्या किती बायकांची नावं आहेत, ते कमेंटमध्ये खरं-खरं लिहा. माझ्या घरचं मी वर लिहिलंच आहे.