पट्ट्यापाशी थांब

१३ ऑक्टोबर २००७, शनिवार. दुपारी सुमारे ३:१५.
विमान दोन तास उशिराने व्हँकुव्हरला उतरते. उतरणाऱ्यांत रॉबर्ट जेकान्स्की आहे. वय ४०, गाव पोलंडमधले ग्लिवित्से. बांधकामावर काम करायचा, पूर्वी खाणीतही होता. आता कॅनडात आईकडे कायमचा राहायला आला आहे. विमानात बसायची ही पहिलीच वेळ. इंग्रजी येत नाही. ग्लिवित्सेच्या घड्याळात रात्रीचे सव्वाबारा झाले आहेत.

आईने सांगून ठेवले आहे : सामानाच्या पट्ट्यापाशी थांब, मी तिथेच येते. ती कामलूप्सहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर गाडीने आली आहे. पण सामानाचे पट्टे कस्टम्सच्या बंदिस्त दालनात आहेत. तिथे बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही.

दुपारी ४ च्या सुमारास.
पहिली तपासणी भाषेची मदत घेऊन पार पडते. व्हिसाचे उरलेले काम इमिग्रेशनच्या दुसऱ्या कक्षात व्हायचे आहे. तो त्या कक्षात जात नाही. पट्ट्यापाशी जातो.

दुपार ते रात्र, दालनाबाहेर.
आई विमानतळावरच्या लोकांना विचारत राहते. पोलंडहून आलेला माझा मुलगा कुठे आहे? ती उभी आहे तिथून तो दिसत नाही. तो आहे तिथे ती जाऊ शकत नाही. मधे एक दार आहे, आतून बाहेर येण्यापुरतेच उघडणारे.

दुपारी ४ ते रात्री १०:४५, दालनात.
या पावणेसात तासांची धड नोंद नाही. अधूनमधून तो पट्ट्यांजवळ दिसला, एवढेच पुढे कळले. माणसाने यावे, बॅग उचलावी आणि निघावे, यासाठी बांधलेली ही जागा. कोणी तिथे सहा तास रेंगाळले तर ते कोणाच्या लक्षात यावे, असे कामच कोणाच्या वाट्याला नव्हते. आपल्याकडची मुले आईवडिलांना एकटे अमेरिकेला बोलावतात तेव्हा धडधाकट माणसासाठीही व्हीलचेअर मागवतात. लोक हसतात त्याला. पण ती खुर्ची बसण्यासाठी नसतेच. ती ढकलणारा माणूस थेट बाहेरच्या दारापर्यंत सोबत येतो, म्हणून ती घ्यायची. जेकान्स्कीसोबत कोणी नव्हते.

रात्री सुमारे १०.
आईला सांगितले जाते की तिचा मुलगा विमानतळावर नाही. त्याचे विमान चुकले असावे असे धरून ती परत कामलूप्सची वाट धरते. या क्षणी मुलगा त्याच इमारतीत आहे.

रात्री १०:४५.
तो बाहेर पडू पाहतो. कागद अपुरे, म्हणून त्याला इमिग्रेशनच्या कक्षाकडे वळवले जाते. आई निघून पाऊण तास झाला आहे. ग्लिवित्सेत सकाळचे पावणेआठ.

१४ ऑक्टोबर, रविवार. रात्री सुमारे १२:१५.
काम पूर्ण. त्याला कॅनडात राहायची रीतसर परवानगी मिळाली आहे. उतरल्याला नऊ तास झाले. तो आणखी अर्धा तास प्रतीक्षाकक्षात काढतो.

पाऊणच्या सुमारास.
त्याला आंतरराष्ट्रीय आगमनाच्या भागात आणून सोडतात. तिथे त्याची वाट पाहणारे कोणी नाही.

१ नंतर.
तो अस्वस्थ येरझाऱ्या घालू लागतो. एकतर्फी दार बंद होऊ नये म्हणून त्यात खुर्च्या लावतो. एक बाई हातवारे करून त्याला शांत करू पाहते. पहारेकरी आहेत, पण त्यांना पोलिश येत नाही. फोनवरून दुभाष्या मिळवून देणारी सेवा विमानतळाकडे आहे. तो फोन कोणी लावत नाही. तो एक संगणक जमिनीवर आपटतो, एक छोटे टेबल फेकतो. पोलिसांना बोलावले जाते. शेजारचा एक प्रवासी कॅमेरा सुरू करतो.

सुमारे १:२८.
रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसांचे चौघे येतात. ते हातांनी खुणावतात, तसा तो काउंटरकडे सरकतो. काउंटरवरचा स्टेपलर त्याच्या हातात येतो. पोलिसांना येऊन २५ सेकंद झाली असतील-नसतील, टेझरचा, म्हणजे विजेचा धक्का देणाऱ्या पिस्तुलाचा, पहिला झटका बसतो. तो किंचाळत खाली कोसळतो. पडल्यावरही झटके दिले जातात. एकूण पाच. मग बेड्या.

तो तिथेच, विमानतळावर मरतो. ग्लिवित्सेत तेव्हा सकाळचे साडेदहा वाजून गेले आहेत.

नंतर.
पोलिसांनी प्रवाशाचे चित्रीकरण ताब्यात घेतले. ते परत मिळवायला त्याला न्यायालयाचा रस्ता धरावा लागला. १४ नोव्हेंबरला ते लोकांनी पाहिले. पोलिसांनी आधी सांगितलेली हकिगत आणि पडद्यावरचे दृश्य जुळेना. निवृत्त न्यायाधीश थॉमस ब्रेडवुड यांच्या चौकशी आयोगाने जून २०१० मध्ये अहवाल दिला. टेझर वापरण्याचे समर्थन होऊ शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. चौघांपैकी दोघांना तुरुंगवास झाला, तो आयोगासमोर शपथेवर खोटे बोलल्याबद्दल. जेकान्स्कीच्या मृत्यूसाठी कोणावरही फौजदारी खटला चालला नाही.