पतंग, जपानी ठसाचित्रांतील
जपानच्या ऊकियो-ए संप्रदायातील काष्ठठसाचित्रांत, विशेषतः एकोणिसाव्या शतकातील निसर्गदृश्यांत, पतंगाचे चित्रण वारंवार आढळते. ऋतू, वारा व उंची या तिन्ही गोष्टी पतंगामुळे एकदम सूचित होतात. शिवाय दृश्यात न दिसणाऱ्या माणसांची जाणीव त्याच्या दोरीने होते. ही चित्रे चित्रकार, ठसे कोरणारा, छपाई करणारा व प्रकाशक यांच्या सहकार्याने सिद्ध होत. साधारणतः प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा असे. ठशावरील ओला रंग पुसत नेऊन आकाशाच्या गडद-फिकट छटा साधीत. १८३० च्या सुमारास प्रशियन निळ्या रंगाचा वापर वाढला आणि आकाशाला नवी खोली लाभली.

होकुसाईच्या (१७६०–१८४९) ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये’ (सु. १८३०–३२) या मालिकेत एडोमधील (आताचे टोकिओ) मित्सुई घराण्याच्या कापडदुकानाचे चित्र आहे. छपरावर कारागीर काम करीत आहेत, दूर हिमाच्छादित फुजी आहे आणि आकाशात पतंग चढले आहेत. त्यांपैकी एकावर दीर्घायुष्यवाचक अक्षर आहे. पतंग उडविणारे मात्र दिसत नाहीत. छपरांआडून वर येणाऱ्या दोऱ्याच खालच्या रस्त्यावरील वर्दळ सुचवितात.

हिरोशिगेच्या (१७९७–१८५८) ‘तोकाइदो मार्गावरील त्रेपन्न मुक्काम’ (सु. १८३३–३४) या मालिकेतील काकेगावाच्या चित्रात वाऱ्यापुढे वाकून पुलावरून जाणारे वाटसरू व खाली भातलावणी दिसते. वर उडणारा पतंग चित्राची चौकट ओलांडतो, तर दुसरा दोरी तुटून भरकटतो. वारा रंगविता येत नाही. तो येथे या दोन पतंगांतून व वाकलेल्या देहांतून प्रकट झाला आहे. ‘एडोची शंभर प्रसिद्ध दृश्ये’ (१८५६–५९) या त्याच्या मालिकेत सरदारांच्या वाड्यांवर नववर्षाचे पतंग तरंगतात. एडोत पतंग नववर्षाशी निगडित होता, तर काकेगावच्या चित्रात तो लावणीच्या हंगामात उडतो. यावरून प्रदेशपरत्वे प्रथा भिन्न होती, हे दिसून येते.

संत नामदेवांच्या, गुरू ग्रंथसाहिबात रामकली रागात समाविष्ट असलेल्या पदातही सवंगड्यांशी बोलत असता मुलाचे चित्त पतंगाच्या दोरीवर असल्याचा दृष्टांत आहे. तेथे दोरी भक्तीची एकाग्रता सुचविते; जपानी चित्रांत ती भूमी व आकाश यांना जोडते. मेजी काळात (१८६८–१९१२) छायाचित्रण व शिलामुद्रण यांच्या प्रसारामुळे ही मुद्रणपरंपरा क्षीण झाली. जुन्या एडोतील सामान्य नागरिकांच्या आनंदाची दृश्य नोंद म्हणून या चित्रांचे मोल मोठे आहे.