काँक्रीटचा ठेका (जालना जिल्हा)

पाया, कॉलम, बीम व स्लॅब यांचे काँक्रीट काम ठेकेदाराकडे सोपविण्याच्या व्यवहारास काँक्रीटचा ठेका म्हणतात. तो मजुरीपुरता किंवा साहित्यासह असतो. मजुरीच्या ठेक्यात सिमेंट, वाळू, खडी व सळई मालक पुरवतो; सळई तर जालन्याच्याच कारखान्यांत तयार होते.

थंड प्रदेशात ताज्या काँक्रीटमधील पाणी गोठण्याची भीती असते, जालन्यात ते उडून जाण्याची. पाणी लवकर उडाल्यास सिमेंटची जलसंयोग प्रक्रिया अपुरी राहते, पृष्ठभागाला तडे जातात व मजबुती घटते. आयएस ४५६ : २००० या मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस, उष्ण व कोरड्या हवेत १० दिवस पाणी मारावे लागते, राखमिश्रित सिमेंटसाठी अशा हवेत १४ दिवसांची शिफारस आहे. स्लॅबवर त्यासाठी वाफे बांधून पाणी साठवतात, कॉलमना ओले गोणपाट गुंडाळतात.

हे काम बहुधा ठेकेदाराची माणसे निघून गेल्यावर मालकाच्याच गळ्यात पडते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यासारख्या जिल्ह्यात पिण्याचे पाणीही टँकरने आणावे लागले होते. त्यामुळे पाणी कोणी आणायचे व किती दिवस मारायचे, हे दराइतकेच स्पष्टपणे करारात लिहिणे आवश्यक ठरते. पावसाळ्यात ही अडचण कमी होते. मात्र वाळू ओली असल्याने मिश्रणात वरून घालायचे पाणी तेवढे कमी करावे लागते.