'समती' ते 'तत्रैव': संदर्भ देण्याच्या रीतीची कुळकथा

माहिती कुठून घेतली हे सांगण्याची मराठी रीत छापखान्याहून बरीच जुनी आहे. तिचा एक ठसठशीत नमुना आजच्या जालना जिल्ह्यात जन्मलेल्या ग्रंथकाराचा आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८). 'दासबोधा'च्या पहिल्याच समासात त्यांनी ग्रंथाचे आधार नावानिशी सांगितले: शिवगीता, रामगीता, अवधूतगीता, भगवद्गीता अशा बारा गीता, शिवाय वेद, वेदांत, उपनिषदे आणि भागवत. या आधाराला त्यांचा शब्द 'समती', म्हणजे संमती. ग्रंथांच्या जोडीला त्यांनी आत्मप्रचीती ठेवली आणि पूर्ण ग्रंथ न पाहता दोष ठेवणाऱ्यांना खडसावले. आजच्या कोणत्याही संशोधकाला हा शिरस्ता पाठ असायला हवा.

या यादीत ग्रंथांची नावे आहेत, ठिकाणे नाहीत. हस्तलिखितांच्या काळात पृष्ठांक देणे निरर्थकच होते, कारण प्रत्येक नकलेची पाने वेगळी पडत. अध्याय आणि श्लोक, दशक, समास आणि ओवी हाच टिकाऊ पत्ता. छपाईने एकाच आवृत्तीच्या शेकडो सारख्या प्रती दिल्या, तेव्हा पानाचा आकडा कामाचा झाला आणि तळटीप शक्य झाली. मराठीत तिला खरे वजन आले इतिहास-संशोधनामुळे. वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले. जुन्या पत्रांना 'लेखांक' मिळाले, आणि विधानाशेजारी खंड व लेखांक देता येऊ लागला.

इंग्रजी शिक्षणाबरोबर 'इबिड', 'ऑप. सिट.', 'सीएफ.' ही संक्षिप्त रूपे आली. ती मुळात लॅटिन. इबिडला मराठीने संस्कृतातून 'तत्रैव' घेतले आणि ऑप. सिट.ला 'उ. नि.', म्हणजे उपरिनिर्दिष्ट. त्यांचे नियम काटेकोर आहेत. 'तत्रैव' फक्त लगतच्या आधीच्या टिपेतील ग्रंथासाठी चालते. मध्ये दुसरा ग्रंथ आला की लेखकाचे नाव देऊन 'उ. नि.' लिहायचे. त्याच लेखकाचे दोन ग्रंथ आधी येऊन गेले असतील तर तेही अपुरे पडते, ग्रंथाचे नाव द्यावेच लागते. 'सीएफ.'चा अर्थ 'तुलना करा' असा आहे. अनेक प्रबंधांत हे रूप नुसत्या 'पाहा'च्या जागी पडलेले दिसते, आणि वाचकाला विरोधी मत कुठे आहे हे कळत नाही.

वाक्यातल्या शब्दांचा घोळ याहून मोठा. 'यांच्या मते' हे मतासाठी आहे, नोंदीसाठी नाही. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला, हे कोणाचे मत नव्हे; तिथे 'राजपत्रानुसार' किंवा 'गॅझेटियरनुसार' शोभते, अर्थात ते पाहिले असेल तरच. समर्थ लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेले, ही कथा 'परंपरेनुसार' किंवा 'चरित्रकारांनी सांगितल्याप्रमाणे' अशी द्यायची. पुराव्याने सिद्ध झाल्यासारखी सांगितली की परंपरा आणि पुरावा दोन्हींवर अन्याय होतो. मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातून उतारा घेतला असेल तर 'अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत' असे लिहिणे भाग आहे. हे शब्द गाळले जातात आणि पहिल्याने केलेली वाचनाची चूक पुढच्या चार पुस्तकांत मूळ म्हणून फिरते.

संगणकावर टिपा पुढेमागे सरकू लागल्यापासून 'तत्रैव'ची अडचण वाढली. मध्ये एक नवी टीप घातली की खालचे 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवते. इंग्रजीतही 'शिकागो' या संदर्भपद्धतीच्या २०१७च्या आवृत्तीने 'इबिड'ऐवजी लेखकाचे आडनाव, संक्षिप्त शीर्षक आणि पृष्ठांक सुचवला. मराठीतही आता कंसात आडनाव, वर्ष आणि पान देणारी पद्धत रुळली आहे. 'दासबोधा'सारख्या ग्रंथाला मात्र तिथेही दशक, समास, ओवी हाच जुना पत्ता लागतो. आवृत्ती कोणतीही असो, तो बदलत नाही.